दोन चांदूर

पहाटे ५.३५

फोन मूर्तिजापूरच्या काट्यावरून. काटेवाले काका उगाच कुणाची झोप मोडणारे नव्हेत, म्हणून मी पहिल्या रिंगलाच उठले.

"ताई, काटापट्टी निंघूनच नाही राह्यली. वजन दिसते, पन सेव्ह केलं का लाल अक्षरं येतेत. बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागली. कास्तकार रातपासून थांबून हायेत जी."

डिसेंबरचा दुसरा आठवडा, कापसाचा भर हंगाम. आमच्या जिनिंगची खरेदी केंद्रं अमरावती, अकोला आणि वाशिम या तीन जिल्ह्यांत आहेत. सर्व्हर अकोल्याच्या एमआयडीसीत, मी अमरावतीत. काट्यावर गाडी चढली की वजन थेट सर्व्हरवर जातं आणि नोंद पक्की झाली तरच पट्टी छापली जाते. पट्टी नाही तर चुकारा नाही. रात्रभर थंडीत ट्रॉलीवर घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला 'सर्व्हर बंद आहे' हे वाक्य ऐकवायला लागू नये, एवढ्याचसाठी माझी नोकरी आहे असं मी मानते.

काकांनी लाल अक्षरांचा फोटो पाठवला. क्रमांक ९००२. म्हणजे लॉग भरला.

जुन्या दुकानांत दोन वह्या असत. व्यवहार आधी रोजमेळात उतरायचा, मग सवडीने खतावणीत. एसक्यूएल सर्व्हर नेमकं हेच करतो. प्रत्येक नोंद आधी लॉगमध्ये लिहितो, ती डिस्कवर पक्की झाली की मगच 'झालं' म्हणतो. मूळ तक्त्यांत ती नंतर सावकाश जाते. मध्येच वीज गेली तरी रोजमेळ वाचून खतावणी पुन्हा लावता येते. आमच्या मांडणीत रोजमेळाची जुनी पानं मोकळी होतात ती त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर निघाल्यावरच. ही प्रत दर १५ मिनिटांनी निघते. रात्री ११.१५ नंतर एकही निघाली नव्हती.

अशा वेळी लॉगची फाइलच पुसून टाकायचा मोह होतो. जागा झटक्यात मोकळी होते हे खरं. पण ज्या नोंदी अजून खतावणीत गेलेल्या नाहीत त्या कायमच्या जातात आणि डेटाबेस उघडायलाच नकार देऊ शकतो. दुसरी पळवाट म्हणजे रिकव्हरीची पद्धत साधी करून टाकणं. त्याने पानं मोकळी होतात, पण प्रतींची साखळी तुटते. उद्या डिस्क गेली तर शेवटच्या निघालेल्या प्रतीनंतरचं काही परत आणता येत नाही. मी दोन्ही केलं नाही. सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर जागा होती, तिथे लॉगची प्रत काढली. रात्री एक वाजता इंडेक्स नव्याने बांधण्याचं काम चालतं, त्याने लॉग फुगवून ठेवला होता. प्रत निघायला १९ मिनिटं लागली. तेवढा वेळ फोन कानाला लावून होते. पलीकडून ट्रॅक्टरच्या इंजिनांचा आवाज येत होता.

"निंघाली, ताई. पहिली पट्टी निंघाली."

सकाळी ७.००

पोहे, चहा, मुलीची वेणी. सासूबाई म्हणाल्या, "अकोल्याले जाशीन तं गरम कपडे घेजो." कपडे घेतले.

सकाळी ८.१५

बडनेऱ्यावरून राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी या रस्त्याने अकोल्याला जायचं म्हणजे खड्डे मोजत जायचं. आता सकाळी बिघाड कळला तर प्रत्यक्ष सर्व्हरसमोर उभं राहून संध्याकाळी घरी येता येतं. माझ्या कामात हा फरक फार मोठा आहे, कारण काही गोष्टी दुरून दिसत नाहीत. मूर्तिजापूरला क्षणभर थांबले. ओळ निम्मी झाली होती. काका मान वर न करता वजनं घेत होते, म्हणून हाक न मारताच निघाले.

सकाळी १०.१०

रात्री काय झालं ते पाच मिनिटांत कळलं. ११.२० ला वीज गेली, दीड मिनिटात आली. सर्व्हर यूपीएसवर होता, त्याला काही झालं नाही. बॅकअप ज्या यंत्रावर जातात ते वेगळ्या खोलीत, साध्या प्लगवर. ते बंद पडलं आणि वीज आल्यावर आपोआप सुरू झालं नाही, कारण तशी सेटिंगच केलेली नव्हती. प्रत काढण्याचं काम दर १५ मिनिटांनी अपयशी होत राहिलं आणि प्रत्येक वेळी सूचनेची मेलही गेली. गेली ती दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर. तो पत्ता बदलायचं माझ्या यादीत होतं. ही चूक माझी. कास्तकार थंडीत थांबले ते माझ्या यादीतल्या त्या एका ओळीमुळे, आणि दिवसभर ते मनातून गेलं नाही.

यंत्र यूपीएसवर घेतलं, वीज आल्यावर स्वतःहून सुरू होण्याची सेटिंग केली, मेल आता तिघांना आणि शिवाय माझ्या फोनवर. मग मुद्दाम एक काम पाडून पाहिलं. फोन वाजला.

त्यानंतर ज्या कामासाठी खरं तर आले होते ते. सुट्या ठेवलेल्या जुन्या सर्व्हरवर रविवारचा पूर्ण बॅकअप उतरवला, त्यावर कालचा फरकाचा, त्यावर लॉगच्या प्रती एकापाठोपाठ एक, पहाटेच्या त्या मोठ्या प्रतीपर्यंत. मग चेकडीबी चालवलं. डेटाबेसचं पानन्‌पान तपासणारी ही आज्ञा वेळ खाते, पण तिने 'शून्य चुका' म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही. बॅकअप यशस्वी झाल्याचा हिरवा टिक्का फक्त एवढंच सांगतो की फाइल लिहिली गेली. ती उतरते का, हे उतरवूनच कळतं.

दुपारी १२.४०

अमरावतीच्या ऑफिसातून आमच्याकडे नव्यानेच लागलेल्या मुलीचा फोन. ती अचलपूरची. तिच्या आवाजात संकोच होता.

"मॅडम, रिपोर्ट बरोबर चालला. एरर काहीच नाही. पण चांदूर रेल्वेत खरेदी दिसून राह्यली."

"मग?"

"चांदूर रेल्वेत आपलं केंद्रच नाही नं."

मी खुर्चीत सरळ बसले. पहाटेचा बिघाड लाल अक्षरांत ओरडून सांगत होता. या बिघाडाने सगळीकडे हिरवे टिक्के दिले होते.

अमरावती जिल्ह्यात १४ तालुके, त्यांत चांदूर दोन. चांदूर बाजार अचलपूरच्या बाजूला, चांदूर रेल्वे मुंबई-नागपूर लोहमार्गावर. आमचं नवं केंद्र चांदूर बाजारला सुरू झालं. केंद्रांची यादी एक्सेलमध्ये आली, तीत तालुक्याच्या रकान्यात कुणीतरी नुसतं 'चांदूर' लिहिलेलं. तिथल्या माणसाला दुसऱ्या चांदूरशी काय देणंघेणं? रात्री काट्याची माहिती आमच्या डेटा वेअरहाऊसमध्ये, आम्ही त्याला सरळ गोदाम म्हणतो, भरली जाते, तेव्हा तालुक्याचं नाव जुळवलं जातं. नाव पूर्ण जुळेना म्हणून 'चांदूरने सुरू होणारं' असा शोध लावलेला होता. तो दोन्ही चांदुरांना लागला. एका पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या, एक बाजारात, एक रेल्वेत. जिल्ह्याची बेरीज तेवढीच फुगली.

याचा अर्थ काय होतो ते कापसाच्या माणसाला सांगावं लागत नाही. ढोबळमानाने वजनाचा तिसरा हिस्सा रुई निघते आणि गाठ १७० किलोची, म्हणजे साधारण पाच क्विंटल कापसाची एक गाठ. या अहवालावरून गाठींचे सौदे होतात, प्रेसच्या पाळ्या ठरतात. जो कापूस आलाच नाही त्याच्या गाठींचा शब्द आम्ही व्यापाऱ्याला देऊन बसलो असतो.

मी तिला विचारलं, "तुला कसं दिसलं हे?" ती म्हणाली, तिची मावशी चांदूर रेल्वेला राहते, तिथे आपला काटा असता तर मावशीने सांगितलं असतं. सर्व्हरवरच्या कुठल्याही तपासणीपेक्षा ही मावशी कामाची ठरली.

दुरुस्ती दोघींनी फोनवर मिळून केली. नावावरून जुळवणं बंद. २०११ च्या जनगणनेत अकोला ५०१, वाशिम ५०२, अमरावती ५०३ असे जिल्ह्यांचे क्रमांक आहेत, तसेच तालुक्यांना आणि गावांनाही आहेत, तेच वापरायचे. कारंजा वाशिममध्ये आहे आणि वर्ध्यातही आहे. मालेगाव वाशिममध्ये आहे आणि नाशिकमध्येही. आज ना उद्या त्यांनीही हेच केलं असतं. दुसरं, भरण्याच्या आधी पट्ट्या मोजायच्या, भरल्यावर ओळी मोजायच्या. आकडा एक नसेल तर काम तिथेच थांबेल आणि अहवाल कुणालाच दिसणार नाही. कालचा भरणा पुसून पुन्हा केला. चांदूर बाजारच्या पट्ट्या आणि गोदामातल्या ओळी सारख्या निघाल्या, तेव्हा ती पलीकडून एवढंच म्हणाली, "जमलं."

दुपारी २.३०

ज्वारीची भाकर, सोल्याची भाजी. तुरीचे हिरवे सोले नुकतेच बाजारात आलेत. डबा घरचा नव्हता, इथल्या लेखापालबाईंनी माझ्यासाठी जास्तीचं आणलं होतं.

दुपारी ३.१५

त्याच बाईंचा प्रश्न. जुन्या रजिस्टरांवरून आम्ही १९९२ पासूनची खरेदी गोदामात भरली आहे. "वाशिम जिल्ह्यात १९९८ च्या आधी खरेदी शून्य कशी? कारंजाचा कापूस तर माझ्या सासऱ्यांनी इथेच मोजलेला आहे."

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके तिकडे गेले. आता १९९५ सालचा कारंजाचा कापूस कोणत्या जिल्ह्याचा? दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. त्या वेळच्या कागदावर तो अकोल्याचा. पण कारंजात ३० वर्षांत कापूस वाढला की घटला हे पाहायचं तर तो आजच्या वाशिमातच मोजायला हवा, नाहीतर १९९८ साली अकोल्याचा कापूस एकदम कोसळला आणि वाशिमात कुठूनतरी उगवला असं चित्र दिसतं.

राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या 'द डेटा वेअरहाऊस टूलकिट' या पुस्तकात अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींची मांडणी केली. जुनी नोंद खोडून नवी लिहायची, की जुनीला शेवटची तारीख देऊन खाली नवी ओळ घालायची, हा त्यातला कळीचा प्रश्न. मला खोडणं कधीच पटत नाही. म्हणून कारंजाच्या दोन ओळी आहेत: एक ३० जून १९९८ पर्यंत अकोल्याची, दुसरी तिथून पुढे वाशिमची. अहवालात मात्र मी फक्त 'तेव्हाचा जिल्हा' दाखवत होते. आज 'आताचा जिल्हा' हा दुसरा रकाना जोडला. बाईंनी तो लावून पाहिला आणि १९९५ च्या ओळीवर बोट ठेवलं. तो आकडा त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा होता.

नावांचं दुखणं याहून जुनं आहे. सुरुवातीच्या काळात नावाचा रकाना चुकीच्या प्रकारचा ठेवला गेला होता आणि देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली जात. एक कास्तकार तसली पट्टी घेऊन आला होता आणि त्याने शांतपणे विचारलं होतं, "हे माहं नाव हाय का?" रकाना युनिकोडचा केल्यावर ते थांबलं. पण आजही कऱ्हाडे हे आडनाव टाइप करताना 'ऱ्ह' दोन वेगळ्या प्रकारे उमटू शकतो. डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं, आणि एका माणसाची दोन खाती. आता नाव साठवण्याआधी आम्ही ते एकाच रूपात आणतो.

संध्याकाळी ५.५०

काटे अडकले. कुणीतरी तीन वर्षांचा अहवाल गोदामाऐवजी थेट चालू डेटाबेसवर लावला होता आणि त्याने धरलेल्या कुलुपांमागे पट्ट्या थांबल्या. कोण कुणाला अडवतंय ते पाहिलं, ते सत्र तोडलं, काटे सुटले. ज्याचा अहवाल होता त्याला स्वतः फोन केला. रागावले नाही, गोदाम वेगळं का बांधलं ते समजावलं, आणि त्याचा थेट प्रवेश काढून घेतला.

संध्याकाळी ७.२०

परतीचा रस्ता. समोरून कापसाने भरलेल्या गाड्या, ताडपत्रीच्या कडांतून उडणारे पांढरे पुंजके दिव्यांत चमकत होते. मूर्तिजापूरला काटा रिकामा. काकांनी चहा पाजला. सकाळबद्दल मी त्यांची माफी मागितली. "होते वो ताई," म्हणाले, "पन पुढच्या वेळी माहा फोन यायच्या आंधी तुमचा येऊ द्याजा."

रात्री १०.५०

मुलगी झोपली. लॅपटॉप उघडला. लॉगच्या प्रती: १०.१५, १०.३०, १०.४५. मधे खंड नाही. मग खरेदीचा अहवाल उघडला, अमरावती जिल्हा, तालुक्यांप्रमाणे. चांदूर बाजार काट्याशी जुळत होतं. त्याच्याखाली सरळ दर्यापूर. चांदूर रेल्वेची ओळच नव्हती.