हिवाळ्यातील कोरडी हवा आणि ह्यूमिडिफायर

संक्रांतीच्या आगेमागे बेळगाव-खानापूर भागात थंडी पडली की ओठ फुटू लागतात, टाचांना भेगा पडतात आणि सकाळी उठावे तर घसा सुकलेला असतो. घरोघरी कोकमाचे तेल बाहेर निघते. अलीकडे त्याच्या जोडीला बाजारात एक यंत्र आले आहे. त्याचे नाव ह्यूमिडिफायर, आणि काम हवेत ओलावा सोडण्याचे. शिवाय आपल्याकडून पुढील शिक्षणासाठी जर्मनीला वा कॅनडाला गेलेले विद्यार्थी पहिल्याच हिवाळ्यात विचारतात, "सर, इकडे बरेच लोक ह्यूमिडिफायर वापरतात. मी कोणता घेऊ?" मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर थोड्या आकडेमोडीसह देणे मला भाग आहे.

हवेत बाष्प मावण्याला मर्यादा असते आणि ती तापमानाबरोबर वाढत जाते. एक घनमीटर हवेत 0 अंश सेल्सिअसला फार तर 4.8 ग्रॅम बाष्प राहू शकते. 10 अंशाला 9.4, 20 अंशाला 17.3 आणि 30 अंशाला 30.4 ग्रॅम. प्रत्यक्षात असलेले बाष्प या मर्यादेच्या शेकडा किती, यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

आता कॅनडातील एखादे घर घ्या. बाहेर 0 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता आहे, म्हणजे घनमीटरमागे सुमारे 3.8 ग्रॅम बाष्प. हीच हवा घरात येऊन 20 अंशापर्यंत तापली की बाष्प तेवढेच राहते, मर्यादा मात्र 17.3 ग्रॅम होते. आर्द्रता उतरून 22 टक्क्यांवर येते. हीटर हवेतले पाणी शोषून घेतो असे लोक म्हणतात, ते बरोबर नाही. पाणी होते तेवढेच असते. हवेची तहान तेवढी वाढलेली असते, आणि ती आपल्या नाकातोंडाच्या ओलाव्यावर भागते.

आपल्याकडे काय होते? समजा पहाटे 15 अंश तापमान व 80 टक्के आर्द्रता आहे. दुपारी 28 अंश झाले की तीच हवा 38 टक्क्यांच्या आसपास येते. पण रात्री थंडी पडली की आर्द्रता आपोआप पुन्हा वर चढते, कारण आपण खोल्या तापवीत नाही. तिकडची खोली दिवसरात्र कोरडी, आपली दुपारपुरती, हा फरक मोठा आहे.

म्हणून यंत्र घेण्याआधी आर्द्रता मोजावी. घरात 30 ते 50 टक्के आर्द्रता योग्य मानतात. ती 60 च्या वर गेली की भिंतींना बुरशी धरते. धुळीतले सूक्ष्म किडेही दमट हवेत वाढतात, आणि दम्याच्या रोग्याला या दोन्हींचा त्रास होतो. मोजण्याचे छोटे उपकरण काही शे रुपयांत मिळते. आपल्या प्रयोगशाळेतील शुष्क व आर्द्र फुग्यांचा आर्द्रतामापक तर प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याने हाताळलेला आहे. दोन सारखे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळावे आणि दोहोंना वारा घालावा. कोरडा 25 आणि ओला 17 अंश दाखवील तर आर्द्रता सुमारे 45 टक्के आहे, यंत्राची गरज नाही, असे समजावे.

गरज असेलच, तर यंत्राचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात पाण्यात बुडालेल्या वातीवरून पंखा हवा फेकतो, आणि दोरीवरचे धोतर वाळावे तसे पाणी उडून जाते. क्षार वातीतच राहतात, आणि हवा ओलसर होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावते. दुसऱ्यात पाणी उकळून वाफ सोडतात. उकळण्याने जंतू मरतात, पण वीज बरीच लागते आणि लहान मूल भाजण्याची भीती असते. तिसरा प्रकार अल्ट्रासोनिक. त्यातील चकती सेकंदाला लाखो वेळा कंप पावते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडविते. आवाज नाही, वीज थोडी, किंमतही कमी. त्यामुळे आपल्या बाजारात हाच जास्त दिसतो. परंतु यातून निघते ते बाष्प नव्हे, धुके. बाष्पीभवनात पाणी तेवढे उडते आणि क्षार मागे राहतात. तुषारांत मात्र पाण्यात जे जे असेल ते सगळे हवेत जाते. बोअरचे जड पाणी घातले तर टेबलावर, पुस्तकांवर पांढरी भुकटी बसते ती याचमुळे. जे टेबलावर बसते, ते श्वासातूनही आत जाते.

याची सर्वांत भयंकर साक्ष दक्षिण कोरियाने दिली आहे. तेथे 1994 पासून ह्यूमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके दुकानांत मिळत होती. यंत्राची टाकी बुळबुळीत होऊ नये म्हणून आईबाप ती श्रद्धेने घालीत. 2011 साली काही गर्भवती व बाळंतीण स्त्रिया फुप्फुसाच्या गंभीर विकाराने रुग्णालयात आल्या, तपास झाला आणि कारण या जंतुनाशकांपाशी येऊन पोहोचले. त्याच वर्षी ती बाजारातून काढण्यात आली. पण तोवर शेकडो माणसे दगावली होती आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्यांतील पीएचएमजी नावाचे रसायन वस्तू धुण्यापुसण्यासाठी वापरले जाई. तुषारांबरोबर फुप्फुसात गेल्यावर त्याने घात केला. मुलांच्या खोलीत यंत्र लावणारे हे सारे लोक काळजीवाहूच होते, हे ध्यानात घ्यावे. टाकीत पाण्यावाचून काहीही घालू नये; जंतुनाशक नको, अत्तर नको, निलगिरीचे तेलही नको.

पाणीही कोणते? ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. उकळून गार केलेल्या पाण्यातील जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार बव्हंशी तसेच राहतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

यंत्र केवढे घ्यावे, याचाही हिशेब सोपा आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 34 घनमीटर. 22 अंशाला तिची आर्द्रता 30 वरून 45 टक्क्यांवर न्यायला जेमतेम 100 ग्रॅम पाणी पुरते. मात्र तासाला एकदा सारी हवा बदलत असेल तर दर तासाला तेवढेच लागेल, म्हणजे रात्रभरात पाऊण-एक लिटर. आपल्या कौलारू घरांत हवा याहून कितीतरी वेगाने ये-जा करते. तेथे यंत्र लावणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

देखभालीचे नियम थोडे, पण रोज पाळण्याचे आहेत. शिळे पाणी रोज ओतून टाकावे, टाकी पुसून कोरडी करावी आणि मगच ताजे भरावे. दर तिसऱ्या दिवशी टाकी घासून धुवावी. क्षाराचा पांढरा थर धरला तर व्हिनेगर घालून ठेवावे, तो सुटतो. मागाहून पुष्कळ पाण्याने खळबळावे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो. धुताना प्लग काढलेला असावा. वात काळवंडली की बदलावी, आणि हंगाम संपला की यंत्र पूर्ण वाळवून ठेवावे. यंत्र सुरू असताना खोकला-ताप येतो आणि ते बंद केल्यावर बरे वाटते असे आढळले, तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

तेव्हा परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की आधी आर्द्रतामापक घ्या, आणि गरज दिसली तर वातीचे यंत्र घ्या; रोज धुण्याचा कंटाळा असेल तर घेऊच नका. आणि बेळगावात राहणाऱ्यांनी रात्री खोलीत दोन ओले पंचे दोरीवर टाकावेत. त्यांतून जाते ते निव्वळ बाष्प, आणि सकाळी पंचे वाळलेले मिळतात.