आजीला पिएरोगी खाऊ घालताना

नांदेड-लातूरकडच्या आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "त्यात काय असतंय?" खरं सांगायचं. पोलंडात पिएरोगीवर कधी डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडेही घालतात; आपण लोण्यात परतलेला कांदा घालू. मैद्याची पारी, आत उकडलेला बटाटा आणि तिकडच्या ताज्या चीजऐवजी पनीर. आकार करंजीचाच, पण तळायची नाही. उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगली की दोनेक मिनिटांनी काढा. "पाण्यात शिजवलेली करंजी?" म्हणून आजीनं नाक मुरडलं, तर वरणफळं आठवून द्या. तेही शिजवलेलं पीठच की! आणि पोलिश माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. पहिल्यांदा चारच वाढा. ठेचा मागितला तर द्या, पोलंडला कळणार नाही.