पिनहोल कॅमेरा विकत घ्यावा की घरी करावा?

पिनहोल कॅमेरा म्हणजे भिंगाऐवजी सुईएवढ्या भोकातून प्रतिमा पाडणारी बंद पेटी. कौलांतली बारीक फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवर उन्हाचा कवडसा गोल पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. 26 डिसेंबर 2019 सारख्या, सांगलीत खंडग्रास दिसणाऱ्या ग्रहणात तो कोरीसारखा होतो. भोक जितके बारीक तितके चित्र रेखीव, हा समज मात्र अर्धाच खरा. अतिबारीक भोकातून प्रकाश पसरतो (विवर्तन) आणि चित्र पुसट होते. 10 सेंमी खोल पेटीला सुमारे 0.4 मिमी भोक योग्य. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुईच्या टोकाने टोचून कड पॉलिशपेपरने घासली की ते साधते. विकतच्या कॅमेऱ्यातले भोक अधिक अचूक असते, हे खरेच. फिल्मवर नेमाने फोटो काढणाऱ्याने तो जरूर घ्यावा. शाळेसाठी आणि ग्रहणासाठी घरचाच बरा, कारण भोक बदलून फरक स्वतः पाहता येतो. मात्र सूर्याकडे पाठ करून प्रतिमा कागदावरच पाहावी, भोकातून सूर्याकडे कधीही नाही.