गाळणीच्या अलीकडे, पलीकडे

रबाळ्याच्या पूर्वेला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यामागे पारसिकचा डोंगर; पश्चिमेला वस्ती ओलांडली की तिवरं आणि ठाण्याची खाडी. 2015 मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. लोक होडीतून पक्षी बघायला येतात. मी ज्या संशोधक मुलीबरोबर होडीत बसलो होतो, तिने पक्ष्यांकडे मानही वळवली नाही. तिला हवे होते पाण्यातले विषाणू.

“पानी नेऊन काय करतंस गो?” होडीवाल्या काकांनी विचारलं.

“मोजते, काका.”

उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांचं पाणी वेगळं, म्हणून नमुन्याची वेळ काकांना विचारून ठरते. बाटली आधी खाडीच्याच पाण्याने विसळायची, मग कोपरापर्यंत हात बुडवून भरायची. तापमान आणि क्षारता टिपली की पाणी छोट्या कुप्यांत जातं आणि त्यात ग्लुटारल्डिहाइड पडतं. जे चाललंय ते तिथल्या तिथे थांबवायचं असतं. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत विषाणू जिवाणूंना फोडत राहतील आणि हिशेब चुकेल. प्रयोगशाळेत गेल्यावर कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये.

खरं काम पुढेच. जिवाणू अडवायला 0.2 मायक्रॉन छिद्रांची गाळणी लागते. विषाणूंसाठी त्याच्या दहाव्या भागाची, म्हणजे 0.02 मायक्रॉनची. 25 मिलिमीटरच्या त्या पांढऱ्या चकतीतून व्हॅक्यूम पंप पाणी ओढतो. चकतीवर चमकणारा रंग घालून ती अंधारात ठेवायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश सोडायचा. तिने मला बघायला दिलं. काळ्या पार्श्वभूमीवर ठळक हिरवे ठिपके म्हणजे जिवाणू. त्यांच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकासारखी बारीक हिरवी भुकटी म्हणजे विषाणू. खाडीच्या गाळाचे कणही मधूनच चमकतात. कुठला ठिपका धरायचा आणि कुठला सोडायचा, हे नजर बसल्यावरच कळतं. ती एक चौकोन मोजायची, हातातलं काउंटर दाबत राहायची, चकती सरकवायची, पुन्हा मोजायची. पीएचडीच्या कितीतरी दुपारी अशाच जातात.

ही मोजणी कशासाठी, याचं उत्तर 1989 मध्ये मिळालं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या ओइविंद बर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की नैसर्गिक पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये 25 कोटींपर्यंत विषाणू असू शकतात. तोवर समुद्रात विषाणू नगण्य मानले जात. आज अंदाज असा, की समुद्रातल्या एकूण सूक्ष्मजीवांपैकी सुमारे 20 टक्के विषाणूंमुळे रोज मरतात. फुटलेल्या पेशीतलं कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस पुन्हा पाण्यात विरघळतं आणि उरलेल्या जिवाणूंचं खाद्य होतं. ते माशांपर्यंत चढण्याऐवजी खालीच फिरत राहतं. खाडीत काय वाढेल आणि काय नाही, यात या ठिपक्यांचा हात मोठा आहे.

पण गाळणीवर फार विसंबलं की ती फसवतेही. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार जातो तो विषाणू, हीच शतकभराची ओळख. मग जो पारच जात नाही त्याचं काय? 1992 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात अमीबाच्या आत काहीतरी सापडलं आणि ते जिवाणू समजून बाजूला ठेवलं गेलं. तो विषाणू आहे, हे 2003 मध्ये कळलं. त्याचं नाव मिमिव्हायरस. त्याचं कवच सुमारे अर्ध्या मायक्रॉनचं, जनुकीय मजकूर सुमारे 12 लाख अक्षरांचा. गाळणीने त्याला जिवाणूंबरोबर वरच अडवून ठेवलं असतं.

अशा महाकाय विषाणूंचा शोध मुंबईतही लागला आहे. आयआयटी मुंबईतल्या किरण कोंडाबागिल यांच्या गटाने इथल्या पाण्यातून ते वेगळे केले. पद्धत साधी: ताटलीत अमीबा वाढवायचे, त्यात नमुना घालायचा आणि अमीबा फुटतात का याची वाट बघायची. सापडलेल्यांची नावंही आपल्याच पत्त्यांवरची: पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस, कुर्लाव्हायरस. 2019 च्या त्यांच्या शोधनिबंधात सांडपाणी, तलाव, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि नळाचं पाणी, या सगळ्यांत महाकाय विषाणूंच्या खुणा नोंदल्या आहेत. हे अमीबाचे विषाणू. पाणी प्यायला घाबरायचं कारण नाही.

म्हणून मला वाटतं, या खाडीची मोजणी पक्ष्यांवर थांबू नये. छोटे फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातात आणि निळ्या-हिरव्या शैवालाला फोडणारे विषाणूही त्याच पाण्यात असतात. एका नमुन्यावरून खाडीचं काहीच ठरत नाही. भरती-ओहोटी, पावसाळा-उन्हाळा धरून वर्षानुवर्षं नोंद लागते. ऐरोली ते वाशी या पट्ट्यातल्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांनी ही नोंद अंगावर घ्यावी. नमुना घ्यायला समुद्रावर जहाज घेऊन जायला नको, खाडी दाराशी आहे.