काळ्या कातळाची निसर्गशिल्पे : पाहावी कशी, राखावी कशी

महाबळेश्वरच्या आर्थरसीटवर उभा राहिलेला प्रवासी बहुधा सावित्रीच्या खोऱ्याची खोली पाहतो आणि परत फिरतो. त्याने आणखी थोडा वेळ थांबून समोरच्या कड्याकडे पाहिले, तर दरीपेक्षाही मोठी गोष्ट त्याच्या ध्यानात येईल. तो कडा एकसंध नाही. कठीण खडकाची उभी भिंत, तिच्याखाली झुडपांनी झाकलेला उतार, पुन्हा भिंत, पुन्हा उतार, अशा पायऱ्या तळापर्यंत उतरत गेलेल्या आहेत. यांतील प्रत्येक पायरी म्हणजे कधीकाळी वाहत आलेल्या आणि जागच्या जागी थिजलेल्या लाव्हारसाचा थर होय. भूशास्त्रज्ञांनी या खडकास 'ट्रॅप' हे नाव दिले, ते स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून. आपल्याकडील घाटातल्या माणसाने त्याला काळा कातळ म्हटले आणि त्यात पायऱ्या, टाकी, लेणी व किल्ले कोरले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे सारे घडले. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या शिखरातून उसळणारा अग्नी असे चित्र मुलांच्या पाठ्यपुस्तकात असते. दख्खनचा प्रकार बहुतांशी निराळा. येथे भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक पूर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा येई. मधल्या काळात वरच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती तयार होई; पुढच्या लाव्हाखाली ती भाजून, दडपून निघे. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूंत काळ्या दगडांमध्ये जी तांबडी आडवी पट्टी दिसते, ती बहुधा हीच. आज हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून महाराष्ट्राचा जवळजवळ चार पंचमांश भूभाग त्यांनी व्यापला आहे.

या विपुलतेतच अडचण आहे. जी वस्तू दारात, शेतात आणि रस्त्यावर सर्वत्र आढळते, तिच्यात पाहण्यासारखे काही असेल असे सहसा वाटत नाही. काळा दगड म्हणजे खडी, डबर आणि पायाचा दगड, हेच त्याचे परिचित रूप. रस्ते, घरे व बंधारे यांसाठी खडी लागणारच. परंतु शंभर टेकड्यांतील नव्याण्णव खडीच्या आणि एखादी पाहण्याची असते, आणि ती ओळखावयाची कोणी, हा प्रश्न कार्यालयातील नकाशावर सुटत नाही. तो गावातच सोडवावा लागतो.

निघोजचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नाणेघाटाजवळ उगम पावलेली कुकडी नदी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील या गावाजवळ सपाट कातळावरून वाहते. एका तीरावर निघोज, तर दुसऱ्या तीरावर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी. पात्रात उतरले की कातळात शेकडो गोल खळगे दिसतात. काही वाटीएवढे, काही रांजणाएवढे, तर काहींत माणूस सहज बुडेल एवढे. लोकांनी त्यांना रांजणखळगे हे नाव दिले आहे आणि शास्त्रीय परिभाषेतही याहून समर्पक शब्द सापडणे कठीण. पुराच्या पाण्यात कातळातील एखाद्या खोलगट जागी भोवरा तयार होतो. त्यात सापडलेला गोटा वरवंट्यासारखा गरगर फिरतो आणि तळ घासत जातो. तो गोटा झिजून गेला की पुढच्या पुरात दुसरा येतो. अशा रीतीने रांजण खोल होतो. पुष्कळदा पोट मोठे आणि तोंड लहान. शेजारशेजारच्या दोन रांजणांमधील भिंत झिजून फुटली की ते एक होतात, आणि अशा अनेक रांजणांच्या जोडणीतून नदीला खोल, वेडीवाकडी घळ मिळते. या साऱ्या अवस्था निघोज येथे एकाच वेळी, थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. शिक्षकाला याहून सोपा फळा मिळणार नाही. मात्र खळग्याच्या तळाशी असलेला गुळगुळीत गोटा खिशात घालून नेण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तो आवरावयास शिकवावे. तो गोटा म्हणजे पाथरवटाची छिन्नी आहे आणि काम अद्याप चालू आहे.

नदीच्या काठी मळगंगा देवीचे स्थान आहे आणि देवीच्या दर्शनास येणारा भाविक रांजणखळगेही पाहून जातो. श्रद्धास्थानाची सोबत निसर्गशिल्पाला लाभली की त्याचे आपोआप रक्षण होते, असे माझे निरीक्षण आहे.

मुंबईत अंधेरीच्या पश्चिम भागातील गिलबर्ट टेकडीनेही हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने दाखवून दिली आहे. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा काळा सुळका उभ्या खांबांची जुडी बांधावी तसा दिसतो. लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. आटलेल्या तळ्याच्या गाळाला पाच-सहा बाजूंच्या भेगा पडतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे भेगा थंड होत जाणाऱ्या पृष्ठभागापासून आत खोलवर उतरत जातात आणि खडकाचे खांब होतात. गिलबर्ट टेकडीभोवतालचा दगड खाणींनी काढून नेला. माथ्यावर देवीचे मंदिर आहे, खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी तेथे जाता येते. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने टेकडीस द्वितीय श्रेणीच्या वारसास्थळाचा दर्जा दिला. आज तेथे गेलेल्या माणसाला सुळका पाहण्यासाठी इमारतींमधून वाट काढावी लागते. स्मारक राहिले, पण ते लांबून पाहता येईल अशी मोकळी जागा राहिली नाही. प्रेक्षणस्थळ राखणे म्हणजे केवळ वस्तू राखणे नव्हे, तर ती जेथून दिसते ती जागाही राखणे होय, हे तेथे गेल्यावर पटते.

असे खांब केवळ मुंबईतच आहेत असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याच्या परिसरात बांदिवडे येथे ते आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील शिबला-पार्डी येथे २०२१ साली रस्त्याच्या कामात जमिनीखालून स्तंभाकृती खडक उघडा पडला. रस्त्याच्या खोदकामात असे काही निघणे हे नवल नव्हे. नवल हे की तेथे कोणीतरी थांबून पाहिले.

कडा पाहावयाचा तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. अकोले, जुन्नर आणि मुरबाड या तीन तालुक्यांच्या सीमेवरील या गडाची पश्चिम बाजू आत वळलेल्या ओंजळीसारखी असून खाली एकदम कोकण लागते. येथे थरांच्या पायऱ्या जणू पुसल्या गेल्या आहेत आणि सारा छेद एकदम समोर येतो. पावसाळ्याच्या सुमारास सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत ढग असा योग आला, तर ढगावर पडलेल्या स्वतःच्याच सावलीभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ दिसते. यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स यांनी या भागात पाहिलेल्या अशा दृश्याची नोंद १८३५ च्या सुमाराची आहे. हे दृश्य ठरवून दिसत नाही. म्हणून कड्याच्या टोकाशी ओणवून त्याची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. हा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि तेथे वनखात्याचे नियम लागू आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारविषयी एक गैरसमज अजूनही ऐकू येतो. ज्वालामुखीच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, म्हणून तो ज्वालामुखीचे मुख असावे, हा तर्क जुन्या अभ्यासकांनीही केला होता. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या सरोवराची नोंद केली, त्यानंतर दीड शतक हा वाद चालला. तीव्र आघातानेच तयार होणारी काच तेथील खडकात असल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि हे विवर उल्कापाताने झाले हे मान्य झाले. म्हणजे लाव्हाच्या या देशात ज्वालामुखीचे तोंड म्हणून दाखविले जाणारे ठळक विवर ज्वालामुखीचे नाहीच! काठावर उभे राहिल्यास आडवे असावयास हवे असे थर बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात. आघाताची ती खूण अवश्य पाहावी. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला.

लोणार किंवा कोकणकडा यांकडे शासनाचे व अभ्यासकांचे लक्ष आहे. प्रश्न आहे तो ज्यांची नोंद कोणत्याच यादीत नाही अशा जागांचा : ओढ्यातील चार रांजण, डोंगराच्या धारेतील आरपार नेढे, विहीर खणताना लागलेले खांब. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्र शासनाने २०२२ साली एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. परंतु गावाला तेवढे थांबण्याचे कारण नाही. गावच्या शिवारातील अशा जागांची यादी ग्रामसभेत वाचून ठरावात नोंदविता येते आणि तिची प्रत तलाठी व तहसील कार्यालयास देता येते. मग गौण खनिजाच्या मागणीचा अर्ज आला की तो गट क्रमांक पाहून विचार करणे अधिकाऱ्यांनाही सोपे जाते. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस घ्यावीच लागते. तेथे ही यादी हाताशी असणे अधिकच मोलाचे.

यादी कोणी करावी? माझ्या मते शाळेने. सातवी-आठवीच्या मुलांना गुराखी मित्र असतात आणि गुराख्याला ठाऊक नाही असा कातळ गावात नसतो. मुलांनी जागा दाखवावी, शिक्षकांनी वर्णन व रेखाटन करावे, आणि जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. त्यानंतर फलक. त्यावर हे काय आहे, कसे झाले आणि कोठे उभे राहू नये, एवढे तीन-चार ओळींत असावे. स्वागताच्या मजकुराने आणि मान्यवरांच्या नावांनी फलक भरून गेला, तर खडकाविषयी लिहावयास जागा उरत नाही, हे अनेक ठिकाणी दिसते.

सहलीचा काळ ठरविताना एक दक्षता घ्यावी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असते आणि कड्याच्या कडेचे दगड भेगांमुळे सुटे झालेले असतात. रांजणखळग्यांत पाणी गढूळ असताना खोली कळत नाही, आणि पाऊस नसतानाही वरच्या धरणांतून पाणी सोडले की पात्र भरू लागते. म्हणून मुलांना नेण्यापूर्वी स्थानिक ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. निघोजसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. त्या वेळी पाणी खाली गेलेले असते, रांजणांचे तोंड उघडे असते आणि सकाळचे ऊन तिरपे पडत असल्याने आतील घासल्याच्या गोल रेषा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.