रोपिलेल्या अवयवाची राखण

एखाद्याचीं मूत्रपिंडें निकामी व्हावीं, घरांतील आईनें किंवा पत्नीनें आपलें एक द्यावें, शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडावी आणि रोगी आपल्या पायांनीं घरीं परत यावा, म्हणजे ही हकीगत संपली असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती तेथें सुरू होते. नवा अवयव बसविणें हें शल्यवैद्याचें काम. तो टिकविणें हें रोग्याचें व त्याच्या घरच्यांचें काम आहे, आणि तें जन्मभराचें आहे. असें कां, हेंच आज सांगावयाचें आहे.

आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर कांहीं खुणा असतात. त्यांवरून आपलें कोणतें व परकें कोणतें हें त्या ओळखतात, आणि परकें दिसतांच त्यावर तुटून पडतात. रोगजंतु आणि मायेनें दिलेलें मूत्रपिंड यांत त्या भेद करीत नाहींत. ता. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं रोपिलेलें मूत्रपिंड टिकलें, कारण देणारा व घेणारा हे एकरूप जुळे भाऊ होते. पहारेकऱ्यांस परकेपणाची खूण सांपडलीच नाहीं. परंतु असें भावंड कितीजणांच्या नशिबीं असतें? इतरांसाठीं पहारेकऱ्यांसच औषधांनीं आवरणें भाग होतें.

मात्र पहारा ढिला केला कीं चोरांस वाट मोकळी होते. केपटाऊन येथें ३ डिसेंबर १९६७ रोजीं डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं लुई वॉशकान्स्की यांस दुसऱ्याचें हृदय बसविलें. हृदय चांगलें चालत होतें. परंतु प्रतिकारशक्ति दडपलेल्या त्या शरीरांत फुफ्फुसदाह शिरला आणि अठराव्या दिवशीं त्यांचा अंत झाला.

पुढें नॉर्वेंतील मातीच्या नमुन्यांत सांपडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालें. अमेरिकेंत त्यास १९८३ मध्यें मान्यता मिळाली. जपानांतील त्सुकुबा येथील मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून १९८४ मध्यें टॅक्रोलिमस हातीं आलें. हीं औषधें सगळाच पहारा उठवीत नाहींत. परक्यावर चालून जाण्याचा हुकूम सोडणाऱ्या पेशींस तीं मुख्यतः थोपवितात. त्यांमुळें रोपणास खरें स्थैर्य आलें. तरी तीं निर्दोष नव्हेत. प्रमाण वाढलें तर ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठीं तीं घ्यावयाचीं त्यासच इजा करतात. हात कांपतात, रक्तदाब वाढतो, कित्येकांस मधुमेह जडतो. प्रतिकार वर्षानुवर्षें दबून राहिल्यानें त्वचेच्या व लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचा संभव वाढतो. आपल्या देशांत तर शरीरांत निजलेला क्षय जागा होण्याचें भय विशेष.

आणि प्रमाण कमी पडलें तर? बहुधा प्रारंभीं कांहींच कळत नाहीं, आणि खरा धोका हाच आहे. मूत्रपिंडावर हल्ला सुरू झाला तरी दुखत नाहीं, लघवी होत असते, भूक लागत असते; केवळ रक्ताच्या तपासणींत क्रिॲटिनिन वाढलेलें दिसतें. दोन वर्षें प्रकृति ठणठणीत राहिली कीं रोग्यास वाटतें, 'आतां गोळ्या कशाला?' औषधांचा खर्च जड जात असेल तर हा विचार अधिकच बळावतो. परंतु तो ठणठणीतपणा त्या गोळ्यांचाच असतो. पहारेकरी परक्याची ओळख विसरत नाहींत; आणि पहिला अवयव गमावल्यावर दुसरा जुळणारा मिळणें पुष्कळदां अधिक कठीण होऊन बसतें.

म्हणून घरच्यांनीं कांहीं पथ्यें कटाक्षानें पाळावीं. गोळीची वेळ चुकवूं नये. डॉक्टरांस विचारल्यावांचून दुसरें कोणतेंही औषध, मग तें दुकानांतलें असो वा झाडपाल्याचें, देऊं नये. क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधांचें रक्तांतील प्रमाण खालीं आणतें, तर बुरशीवरील फ्लुकोनाझोल तें वाढवितें. ग्रेपफ्रूट व पपनस हीं फळें वर्ज्य करावीं. जिवंत जंतूंची लस टोंचून घेऊं नये. ताप थोडा असला तरी उद्यांची वाट न पाहतां डॉक्टरांस कळवावें, कारण स्टेरॉइडांमुळें मोठा रोगही सौम्य भासतो. तपासणीची तारीख, बरें वाटत असतांनाही, पाळावी.

देणाऱ्यानें आपला अवयव एकदांच दिलेला असतो. त्याची राखण मात्र रोज करावी लागते, आणि ती घरांतल्या साध्या शिस्तीनेंच होते.