पिसा येथील कॅथीड्रलचे लेख व पिसानी वर्षगणना

इटलींतील पिसा शहराचें नांव काढलें कीं तेथील कललेला मनोरा डोळ्यांपुढें उभा राहतो. वस्तुतः तो मनोरा म्हणजे शेजारच्या एका मोठ्या देवालयाचा घंटेचा मनोरा होय; आणि तें देवालय, म्हणजे आर्चबिशपाच्या आसनाचें मुख्य मंदिर किंवा कॅथीड्रल, मनोऱ्याहून सुमारें एका शतकानें जुनें आहे. बहुतेक प्रवासी मनोरा पाहून परततात. जुने लेख व हस्तलिखितें यांचा ज्यास नाद आहे त्यानें मात्र मनोऱ्याकडे पाठ करून आधीं मंदिराच्या भिंतींपुढें उभें राहावें. त्या भिंतींवर मंदिराचा इतिहास कोरलेला आहे. परंतु तो वाचतांना एक विशेष अडचण येते. ती न ओळखल्यास अक्षर न् अक्षर शुद्ध वाचूनहि साल एका वर्षानें चुकतें. ती अडचण कोणती व तिचा उलगडा कसा करावा, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आपल्याकडील शक-संवतांच्या व्यवहारांत मुरलेल्या संशोधकांस तो विषय परका वाटणार नाहीं.

१. मंदिराची रचना

मंदिराचा तलविन्यास क्रुसाच्या आकाराचा आहे. पश्चिमेकडील दारानें आंत गेलें म्हणजे समोर लांब मध्यमंडप व त्याच्या दोहों बाजूंस दोन दोन पडव्या, अशा एकूण पांच ओळी दिसतात. त्यांस छेदणारा आडवा मंडप तीन ओळींचा आहे. दोन्ही मंडप जेथें मिळतात ती जागा चौरस नसून लांबट असल्यामुळें तिजवरील घुमट गोल न होतां लंबगोल झाला आहे. मंडपांतील उंच खांब ग्रॅनाइट दगडाचे व अखंड आहेत. बाहेरून सर्व इमारत संगमरवरानें मढविली असून पांढऱ्या व काळसर दगडांचे आडवे पट्टे एकाआड एक बसविले आहेत. दर्शनी भिंतीवर लहान खांबांच्या व कमानींच्या उघड्या सज्ज्यांच्या चार ओळी एकीवर एक रचल्या आहेत. एवढी मोठी भिंत असूनहि ती जड वाटत नाहीं, याचें कारण ह्या सज्ज्या होत. त्यांच्या पोकळींत सावली पडते व भिंतीचा भार डोळ्यांस जाणवत नाहीं.

मूळ शिल्पी बुस्केतो. त्याच्या मागून बाराव्या शतकांत राइनाल्दो नांवाच्या शिल्प्यानें मंदिर पश्चिमेकडे वाढवून सध्यांची दर्शनी भिंत उभारली. मंदिराची प्रतिष्ठा पोप दुसरा जेलासियस याच्या हस्ते इ. स. १११८ सालीं झाली. १५९५ सालीं ऑक्टोबर महिन्यांत लागलेल्या आगींत छप्पर व पश्चिमेकडील दारें नष्ट झालीं. आज तेथें दिसणारीं दारें व आंतील नक्षीदार लांकडी छत हीं आगीनंतरचीं आहेत. मनोऱ्याच्या बाजूचें, बोनान्नो या कारागिराचें बाराव्या शतकांतील कांशाचें दार मात्र बचावलें. म्हणून एकाच मंदिराच्या दोन दारांत चार शतकांचें अंतर आहे, हें पाहणारानें प्रथमच ध्यानांत ठेवावें.

२. दर्शनी भिंतीवरील प्रशस्ति

दर्शनी भिंतीवर लॅटिन पद्यांत कोरलेले कांहीं लेख आहेत. त्यांतील एकांत मंदिरासाठीं द्रव्य कोठून आलें तें सांगितलें आहे. पिसाच्या आरमारानें सिसिली बेटांतील पालेर्मो बंदरावर, जें त्या वेळीं मुसलमानांच्या ताब्यांत होतें, हल्ला केला. मालानें भरलेलीं सहा मोठीं जहाजें पकडलीं. पांच जाळून टाकलीं, एक विकलें. आणि त्या विक्रीच्या पैशांतून ह्या भिंती उठल्या, असा त्याचा आशय आहे. देवालयाच्या खर्चाची बाब इतक्या उघडपणें देवालयाच्याच तोंडावर नोंदविलेली क्वचितच सांपडते.

ह्या लेखांतील सालहि सरळ अंकांनीं दिलेलें नाहीं. वृत्तांत बसावें म्हणून हजार, दहांनीं गुणिलेले सहा, व वर तीन, अशा तुकड्यांनीं तें सांगितलें आहे. बेरीज १०६३ होते. आपल्या संस्कृत ताम्रपटांत शर, वेद, चंद्र इत्यादि शब्दांनीं शकांक देतात, त्याच जातीची ही युक्ति आहे. दोन्हीकडे छंदाची अडचण एकच व तिजवरील तोडगाहि एकाच वळणाचा.

भिंतीच्या डाव्या टोंकाच्या कमानींत बुस्केतोची कबर आहे. तिच्यासाठीं जुनी रोमन दगडी शवपेटी वापरली आहे. वरील लेखांत त्याची तुलना युलिसीज व डेडलस या ग्रीक पुराणांतील चतुर पुरुषांशीं केली आहे. जोतास जुंपलेल्या हजार बैलांना जें ओझें हलेना व जहाजास जें समुद्रावरून आणतां आणतां पुरे झालें, तें बुस्केतोच्या युक्तीनें दहा मुलींनीं उचललें, असें त्यांत म्हटलें आहे. ही उघड प्रशस्ति आहे. आणि प्रशस्तीचा उपयोग कसा करावा हें आपणांस ठाऊक आहे. हजार बैल व दहा मुली हे आंकडे सोडून द्यावे. पण ज्या गोष्टी कवीनें वाचकास माहीतच आहेत असें समजून सहज उल्लेखिल्या, त्या धरून ठेवाव्या. मोठे दगड समुद्रमार्गानें आले, ते चढविण्यासाठीं यंत्रें वापरलीं, आणि यंत्र रचणाऱ्या शिल्प्यास मंदिराच्या तोंडावर कबर मिळण्याइतका मान होता, या तीन गोष्टी त्या स्तुतींतून निर्धास्तपणें घेतां येतात.

बाजूच्या भिंतींवर हिंडलें असतां कित्येक जुने रोमन लेख आडवे किंवा उलटे बसविलेले दिसतात. गवंड्यांनीं जुन्या इमारतींचे दगड दगड म्हणूनच वापरले. आपल्याकडे वीरगळ विहिरीच्या बांधकामांत व शिलालेख पायरीला लागलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस येथें निराळें सांगावयास नको. असा लेख त्या इमारतीचें साल देत नाहीं. ती इमारत त्या लेखाच्या नंतरची, एवढेंच सिद्ध होतें.

३. पिसानी वर्ष

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. मंदिरासमोर बाप्तिस्म्याचें गोल मंदिर आहे. त्याच्या खांबावरील लेखांत तें ११५३ सालच्या ऑगस्टांत आरंभिलें असें कोरलें आहे. पण इतिहासग्रंथ ११५२ म्हणतात. कललेल्या मनोऱ्यावरील लेखांत ११७४ सालचा ऑगस्ट महिना दिला आहे. ग्रंथांत मात्र ११७३ आढळतें. दोन्ही ठिकाणीं फरक नेमका एका वर्षाचा आहे. हा कोरणाराचा प्रमाद नव्हे व ग्रंथकारांचाहि नव्हे.

पिसामध्यें वर्षाचा आरंभ १ जानेवारीस होत नसे. तो २५ मार्चला, मेरीस देवदूतानें दिलेल्या संदेशाच्या सणाच्या दिवशीं होई. आणि हा २५ मार्च ख्रिस्तजन्माच्या पूर्वीचा धरीत. त्यामुळें पिसाचें ११७४ हें वर्ष सध्यांच्या गणनेनें २५ मार्च ११७३ रोजीं सुरू होऊन २४ मार्च ११७४ रोजीं संपलें. ऑगस्ट त्याच्या पूर्वार्धांत येतो. म्हणून लेखांतील ११७४ म्हणजे आपलें ११७३, अर्थात् शके १०९५.

जवळच्या फ्लॉरेन्स शहरांतहि वर्ष २५ मार्चलाच सुरू होई. पण तेथें तो ख्रिस्तजन्माच्या नंतरचा २५ मार्च धरीत. परिणाम असा कीं, एकाच नदीच्या कांठच्या ह्या दोन शहरांत वर्षाचा पहिला दिवस एकच, परंतु वर्षाचा अंक नेहमीं एकानें भिन्न. पुढें पिसा १४०६ सालीं फ्लॉरेन्सच्या सत्तेखालीं गेलें, तरी पिसानें आपली गणना सोडली नाहीं. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें १७४९ सालीं आज्ञा काढली व १ जानेवारी १७५० पासून दोन्ही शहरांत सामान्य वर्षारंभ चालू झाला. पोप ग्रेगरीनें १५८२ सालीं पंचांग सुधारलें तेव्हां ऑक्टोबरच्या ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख आली. पण त्या सुधारणेनंतरहि पिसा व फ्लॉरेन्स यांचे वर्षारंभ पूर्वीप्रमाणेंच राहिले. या दोन गोष्टींची गल्लत करूं नये.

आपल्याकडील उदाहरणें घेतलीं म्हणजे ही व्यवस्था सुबोध होते. पिसा व फ्लॉरेन्स यांतील भेद आपल्या वर्तमान व गत वर्षांच्या भेदासारखा आहे: वर्षारंभ तोच, पण अंक एकानें पुढें किंवा मागें. आणि पिसा व सामान्य गणना यांतील भेद चैत्रादि व कार्तिकादि विक्रम संवतांसारखा आहे: वर्षाच्या कांहीं महिन्यांत अंक जुळतो, कांहींत जुळत नाहीं. मृगाच्या आरंभीं बदलणारा सुहूर सन ज्यांनीं मराठी कागदांत रोज हाताळला आहे, त्यांस २५ मार्चला बदलणारें साल अवघड वाटूं नये.

सारांश, १७५० पूर्वीच्या पिसानी लेखांत तारीख २५ मार्च ते ३१ डिसेंबर यांमधील असेल तर सालांतून एक वजा करावा. १ जानेवारी ते २४ मार्च यांमधील असेल तर साल जसेंच्या तसें घ्यावें. फ्लॉरेन्सच्या कागदांत उलट: १ जानेवारी ते २४ मार्च या काळांत एक मिळवावा, एरव्हीं साल तसेंच ठेवावें. ज्या लेखांत नुसतें साल आहे, महिना नाहीं, तेथें एका वर्षाची शंका कायम ठेवणें हेंच प्रामाणिकपणाचें. मंदिराच्या पायाभरणीचें साल ग्रंथांतून कोठें १०६३ तर कोठें १०६४ आढळतें. अशा वेळीं कोणतें खरें हें विचारण्याआधीं, कोणत्या गणनेचें, हें विचारलें पाहिजे.

४. जागा बदललेल्या वस्तु

साल जसें गणनेवांचून कळत नाहीं, तशी वस्तु तिच्या जागेवांचून कळत नाहीं. मंदिराच्या पूर्व टोंकाच्या छपरावर कित्येक शतकें कांशाचा एक ग्रिफिन, म्हणजे गरुडमुखी सपक्ष सिंह, उभा होता. त्याच्या अंगावर कूफी लिपींत अरबी आशीर्वचनें कोरलीं आहेत. म्हणजे तो मुसलमानी कारागिरांचा असून पिसांत समुद्रापलीकडून आला. १८२८ सालीं तो खालीं उतरविला व आतां मंदिराच्या संग्रहालयांत आहे. छपरावर दिसते ती प्रतिकृति. ख्रिस्ती मंदिराच्या शिखरावर तो काय म्हणून बसविला असावा, हा प्रश्न त्याची मूळ जागा ठाऊक असल्यामुळेंच विचारतां येतो.

दुसरें उदाहरण जोव्हान्नी पिसानो यानें १३०२ ते १३१० या काळांत घडविलेल्या संगमरवरी प्रवचनपीठाचें. १५९५ च्या आगीनंतर तें सोडवून त्याचे भाग निरनिराळे ठेवले गेले व १९२६ सालीं पुन्हां जुळविलें. तें आज मूळ जागीं नाहीं, आणि सर्व भाग मूळच्याच क्रमानें आहेत असेंहि म्हणतां येत नाहीं. पत्रांक नसलेल्या पोथीचीं सुटीं पानें नंतरच्या कोणीं बांधलीं असतां आपण जी सावधगिरी बाळगतों तीच येथें बाळगावी.

तिसरें उदाहरण मध्यमंडपांतील मोठ्या दिव्याचें. तो झुलतांना पाहून गॅलिलिओस लंबकाचा नियम सुचला, अशी कथा त्याचा शिष्य विव्हियानी यानें लिहून ठेविली आहे व ती १५८३ च्या सुमाराची मानतात. परंतु हल्लींचा दिवा १५८७ सालीं घडविलेला आहे. म्हणजे कथा खरी असली तरी दिवा तो नव्हे. याच्या उलट, गर्भभागावरील कांचतुकड्यांच्या चित्रांतील संत योहानाची आकृति चिमाबुए या चित्रकाराची, हें १३०१-०२ च्या हिशेबांतील नोंदीवरून ठरतें. त्याची खात्रीची म्हणून तेवढीच एक कृति राहिली आहे. पिढ्यान् पिढ्या सांगितलेली कथा एका सालानें ढळते व खर्चाची एक रुक्ष नोंद सात शतकें टिकते, हें दप्तरें जतन करणारांनीं विसरूं नये.

५. आपला संबंध

हा सर्व खटाटोप दूरच्या इटलीपुरताच आहे असें मात्र नाहीं. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी पिसाच्या विद्यापीठांत शिकला होता. तो १५८३ सालीं हिंदुस्थानांत आला, कोचीन व गोवें येथें राहिला व १५८८ सालीं गोव्यांतच वारला. सहा, सात, आठ, नऊ हे अंक आणि देव व सर्प हे शब्द संस्कृतांत व इटालियनांत किती जवळचे आहेत, हें त्यानें आपल्या पत्रांत नोंदविलें. दोन्ही भाषांच्या सादृश्याची इतकी जुनी नोंद विरळाच. पुढें गोव्याच्या बों जेझूस मंदिरांतील सेंट फ्रान्सिस झेव्हियरच्या कबरेचें संगमरवरी व कांशाचें काम तस्कनीच्या तिसऱ्या कोझिमोनें फ्लॉरेन्सचा शिल्पी फोज्जिनी याजकडून करवून पाठविलें. तें १६९८ सालीं पुरें झालें. तेव्हां गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकापुढें तस्कनीचे कागद येणें अगदीं संभवनीय आहे. आणि त्यांत एखादें पत्र फेब्रुवारींतलें निघालें तर वर सांगितलेला नियम तात्काळ लागूं पडेल.

शेवटीं एक विनंति. लेखाची किंवा पत्राची नक्कल करतांना मूळ साल जसें कोरलें वा लिहिलें असेल तसेंच उतरावें आणि गणनेनें आलेलें साल त्याच्यापुढें वेगळें दाखवावें. मूळ अंक गाळून केवळ शोधित अंक लिहिला तर पुढचा नक्कलकार त्यांतून पुन्हां एक वजा करील, व ११७३ चें ११७२ होऊन बसेल. मूळ दगड किंवा कागद नाहींसा झाल्यावर अशी चूक कोणासहि दुरुस्त करतां येणार नाहीं. पिसाच्या भिंती अजून उभ्या आहेत, म्हणून तेथील सालें ताडून पाहतां येतात. आपल्या हातांतील पुष्कळ कागदांस तेवढें आयुष्य नाहीं.